चौदा सेकंद

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो खेळाच्या सामानाच्या दुकानात उभा राहून एकामागून एक शिट्ट्या वाजवून बघत होता.

पहिली वाजली तेव्हा मी आतल्या बाजूला पोहायच्या टोप्या चाळत होते. दुसरी वाजली आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "काठावर पळायचं नाही!"

दुकानदार, रॅकेटची जाळी बदलायला आलेले एक आजोबा, आणि शिट्टी तोंडात तशीच धरून उभा असलेला तो... सगळे माझ्याकडे बघत होते. सहा वर्षं तलावावर नोकरी केली की असं होतं. शिट्टी कुणाचीही असो, जीभ आपलं काम करून मोकळी होते.

"नाही पळणार," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "उभाच आहे मी."

मला हसू फुटलं. ते दाबायला मी हातातली टोपी उगाच उलटीसुलटी करून बघितली.

"तुम्हाला यातलं कळतंय असं दिसतंय," त्यानं दोन शिट्ट्या पुढे केल्या. "यातली कुठली घेऊ?"

"ती काळी. आत गोळी नसलेली. गोळीवाली ओली झाली की बसते, ऐन वेळी नुसती हवा येते."

"बरं झालं विचारलं. उद्यापासून तीन दिवस माझी परीक्षा आहे. इथल्या तलावावर जीवरक्षकाची जागा निघालीय. तिथली मुख्य प्रशिक्षक बाई म्हणे फार कडक आहे."

"असं? कोण म्हणालं?"

"तिकीट खिडकीवरचे काका. म्हणाले, त्या बाईपुढे मासा जरी आला, तरी त्याला आधी चार फेऱ्या मारून दाखवाव्या लागतील."

"आणि मग? घेते का माशाला?"

"नाही. म्हणते, पोहतो छान, पण त्याचं दुसऱ्यांकडे लक्ष नसतं."

खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण त्याच्या उन्हानं रापलेल्या चेहऱ्यावर असं काही निर्धास्त हसू होतं की... नाही सांगवलं. "शुभेच्छा," म्हटलं आणि तिथून सटकले.

घरी आल्यावर वहिनीला हा किस्सा सांगितला. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"म्हणजे एका मुलानं शिट्टी वाजवली आणि तू वळून बघितलंस? अगं, सहा वर्षं आम्ही याचीच तर वाट बघतोय!"

बाबा वर्तमानपत्राच्या आड उगाचच खोकले.

मी कडक आहे हे खरं. त्याला कारणही आहे. आदल्या वर्षी आमच्या तलावावरचा जीवरक्षक उंच खुर्चीत बसून मोबाईल बघत होता आणि पाचव्या पट्टीत एक गृहस्थ पाण्याखाली जात होते. पलीकडच्या काठावरून मला ते दिसलं, हे नशीब. मी त्यांना बाहेर काढलं. ते वाचले, आजही सकाळी पोहायला येतात आणि मला बघून हात हलवतात. पण त्यानंतर कित्येक महिने मी झोपेतसुद्धा पाण्यातली डोकी मोजत होते.

म्हणून या वेळी माणूस निवडायचा तो माझ्या पद्धतीनं, असं मी व्यवस्थापक साहेबांना सांगितलं होतं. तीन दिवस खुर्चीत बसवायचं आणि तिसऱ्या दिवशी, न सांगता, चाचणी घ्यायची. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, आणि हात नुसते पाणी खाली दाबत असतात... लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस मजेत उभा आहे. हे दहा सेकंदांत ओळखायचं आणि पुढच्या वीस सेकंदांत तिथे पोचायचं. एवढीच चाचणी.

नऊ अर्जांतून दोन जण उरले होते. एक मावशी, वय चव्वेचाळीस. अकरा वर्षं सूतगिरणीत धावत्या धाग्यांवर नजर ठेवून तुटलेला धागा शोधायचं काम त्यांनी केलं होतं. गिरणी बंद पडल्यावर पोहण्याची आणि जीवरक्षणाची परीक्षा देऊन आल्या होत्या. विचारलं तेवढंच बोलायच्या. आणि दुसरा... दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गळ्यात काळी शिट्टी अडकवून दारातून आत आला आणि मला बघून जागच्या जागी थिजला.

"काय झालं माशाचं?" मी विचारलं.

"मासा... मासा घरी गेला, ताई. म्हणजे बाई. म्हणजे..."

"मॅडम म्हणा," मी म्हणाले. 'ताई' मला का नको होतं, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

तो नावाडी होता. मोठ्या नदीवर माणसं पलीकडे पोचवायची होडी होती, तिच्यावर आठ वर्षं. मग पूल झाला आणि होडी बंद पडली. आता बहिणीकडे राहत होता, आणि बहिणीचं घर लहान होतं. त्यानं हे रडगाणं म्हणून सांगितलं नाही. अर्जात 'सध्याचा पत्ता' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'ताईच्या पुढच्या खोलीतला कोपरा.' साहेबांनी ते वाचून मोठ्यानं हसून घेतलं आणि तिथल्या तिथे त्यांचं मत बनलं.

"हाच घ्या," मला म्हणाले. "हसरा आहे, दणकट आहे, लोकांना आवडेल. त्या मावशी तर नमस्कारालाही मान वर करत नाहीत."

"मान वर केली तर पाणी दिसणार नाही ना, साहेब."

पण खोटं कशाला बोलू? मलाही तोच आवडत होता.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्याची खुर्चीची पाळी संपली, तरी तो गेला नाही. आमच्याकडे बावन्न वर्षांचे एक टपालवाले येत. तीन महिने झाले, त्यांनी काठाचा दांडा सोडला नव्हता. मी सगळे उपाय करून थकले होते. नावाडी त्यांच्या शेजारी जाऊन छातीभर पाण्यात उभा राहिला आणि गप्पाच मारू लागला, पत्र चुकीच्या घरी गेलं की काय करता, कुत्री मागे लागतात का, वगैरे. बोलता बोलता त्यानं नुसता एक तळवा त्यांच्या पाठीखाली सरकवला.

"माझ्याकडे बघा. पाण्याकडे नको, छताकडे नको. माझ्याकडे. हं... आणि ती लाल दारवाल्या घरातली कुत्री चावली कुठे म्हणालात?"

"पोटरीला," टपालवाले म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की त्यांचे पाय तळाला टेकलेले नाहीत.

त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद! मी काठावर उभी होते, हातात गुणांचा तक्ता होता, आणि काय लिहायचं तेच सुचत नव्हतं. तक्त्यात 'तळवा' असा रकानाच नव्हता.

नंतर कपडे बदलून तो बाहेरच्या बाकावर चहाचा कागदी पेला घेऊन बसला होता. मी दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा.

"दुकानात का नाही सांगितलंत?" त्यानं विचारलं.

"तुम्ही विचारलंत का?"

"मी तुमच्या तोंडावर तुम्हाला कडक म्हणालो."

"ते काकांचं मत होतं ना? तुमचं काय?"

त्यानं पेल्यात बघितलं. "उमेदवारानं परीक्षकाबद्दल चांगलं मत दिलं, तर त्याला लाच म्हणतात."

"म्हणजे चांगलंच आहे म्हणायचं."

"बघा... आता तुम्हीच काढून घेतलंत. मी दिलं नाही."

चहा गार झाला, तरी दोघंही उठलो नाही. आणि मध्ये दोन माणसांची जागा होती ती... एकाची कधी झाली, कळलंच नाही.

तिसरा दिवस उजाडला. बुडायचं काम मी एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना दिलं होतं. वय बहात्तर, रोज वीस फेऱ्या मारणाऱ्या. शाळेच्या नाटकांत आयुष्यभर दुसऱ्यांना भूमिका शिकवलेल्या, त्यामुळे उत्साह असा की विचारू नका.

"एकदा तरी 'वाचवा' म्हणू दे," त्यांनी गयावया केली.

"नाही बाई. आवाज काढायचा नाही."

"अगदी हळू?"

"बाई!"

सात वाजता मावशी खुर्चीत होत्या. मी लांबच्या कोपऱ्यात स्टॉपवॉच घेऊन उभी. बाई खोल भागात गेल्या, मान मागे टाकली, हात खाली दाबू लागल्या. सहाव्या सेकंदाला मावशींची शिट्टी वाजली, आणि शिट्टी संपायच्या आत मावशी पाण्यात होत्या. बाईंना काठाला आणून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "श्वास नीट येतोय का?" आणि लगेच वळून उरलेल्या तलावावरून नजर फिरवली. बाईंना जरा वाईट वाटलं. नाटक रंगायच्या आत पडदा पडला म्हणून.

आठ वाजता तो.

तलावात पंधरा-सोळा जण होते. खिडक्यांतून ऊन तिरकं पाण्यावर उतरलं होतं. मी नुकतीच टोपी काढून ओले केस पिळत होते. बाईंनी मला डोळ्यानं खूण केली, मी घड्याळ सुरू केलं... आणि वर बघितलं.

तो माझ्याकडे बघत होता.

चोरून बघण्यातला प्रकार नव्हता. माणूस खिडकीबाहेर बघता बघता हरवतो ना, तसं. आणि मी काय करावं? मान फिरवावी, कपाळाला आठ्या घालाव्या... काहीही चाललं असतं. मी हसले. अंगठ्याखाली घड्याळ पळत होतं, हे ठाऊक असून हसले. तोही हसला.

मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम पुसलं गेलं. शिट्टी, उडी, आणि बाण सुटावा तसा तो बाईंपाशी. असे पोहणारे मी आयुष्यात फार पाहिलेले नाहीत. पुढचं सगळं अगदी निर्दोष झालं.

मी घड्याळ बघितलं. चौदा सेकंद.

"किती?" बाईंनी काठावर धापा टाकत विचारलं. "मला तर बराच वेळ वाटला गं. शेवटी शेवटी खरंच दम लागायला आला होता."



आकडा मला एकटीलाच माहीत होता. नऊ लिहिले असते, तर कुणी विचारणार नव्हतं. साहेब खूश, बहिणीच्या घरातला कोपरा मोकळा, आणि रोज सकाळी सहाला तो त्या खुर्चीत... मी कार्यालयात जाऊन तक्त्यापुढे बराच वेळ बसले. पुन्हा एकदा चाचणी घ्यावी का, असंही मनात आलं. शेवटी चूक अर्धी माझीच होती. पण मग वाटलं, उद्या मी इथेच असणार आहे. परवाही. मी हसणार नाही, अशी हमी मी देऊ शकते का?

नाही देऊ शकत.

मी लिहायला घेतलं, एका दमात लिहिलं आणि साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

"हे फाईलला लावायचंय, मॅडम."

"लावा."

"वरपर्यंत जातं हे."

"जाऊ दे."

"चार सेकंदांचा तर फरक आहे..."

"साहेब, मागच्या वर्षीच्या त्या गृहस्थांना विचारा चार सेकंद म्हणजे किती ते."

मावशींची निवड पक्की झाली. पण नियमाप्रमाणे नाकारलेल्या उमेदवारानं आपला तक्ता वाचून खाली सही करायची असते. ते काम माझं होतं.

तो समोर बसला. केस अजून ओले होते. चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला कल्पना आहे. मी कागद पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर सायकली उभ्या होत्या. मी त्या मोजल्या. अकरा होत्या.

मी लिहिलं होतं: 'उमेदवार उत्तम पोहतो. घाबरलेल्या माणसाशी त्याची वागणूक असामान्य आहे. चाचणीच्या वेळी धोका ओळखण्यास चौदा सेकंद लागले. त्या वेळी उमेदवाराचे लक्ष परीक्षकाकडे होते. परीक्षकाचे लक्ष उमेदवाराकडे होते. ही परिस्थिती सुधारण्याची शक्यता दिसत नाही. या तलावावर, या जागेसाठी योग्य नाही.'

त्यानं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "मला वीस वाटले होते."

"चौदाच होते."

"बाई खरंच बुडत असत्या तर..."

"हो."

त्यानं मान हलवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण हसूही नव्हतं, आणि त्या क्षणी मला माझाच राग आला. नोकरीची त्याला किती गरज होती, हे मला माहीत होतं.

"आणि हे..." त्यानं कागदावर बोट ठेवलं, "परीक्षकाचं लक्ष... हे खरं आहे?"

"मी अहवालात खोटं लिहीत नाही."

"सुधारण्याची शक्यता नाही?"

"मला तरी दिसत नाही."

त्यानं पेन उचललं. 'वाचले व मान्य आहे' या छापील ओळीखाली त्यानं सही केली. मग उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

"नोकरी गेली आणि मला हसू येतंय. आता घरी ताईला काय सांगू?"

"खरं सांगा."

"ती म्हणेल, हा पोरगा कामातून गेला."

तो गेला. आणि मी जी खुर्चीत बसले ती मुख्याध्यापिका बाई आत येऊन "वाचवा म्हणू दिलं असतंस तर त्यानं ऐकलं तरी असतं!" म्हणेपर्यंत उठले नाही.

आमच्या संस्थेचा शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक तलाव आहे. तिथे पाण्याला भिणाऱ्या मोठ्या माणसांसाठी नवा वर्ग सुरू होणार होता आणि शिक्षक मिळत नव्हता. साहेब स्वतःच म्हणाले, "त्या नावाड्यासाठी चार ओळी लिहून द्या."

"मी नाही लिहिणार," मी म्हणाले. "माझं मत आता धरू नका. टपालवाल्यांना विचारा."

टपालवाल्यांनी अडीच पानं लिहून दिली. तिथल्या प्रशिक्षक बाई माझ्याहून कडक. त्यांनी त्याला आठवडाभर रोज तपासलं म्हणे. मला हे सगळं टपालवाल्यांकडून कळत होतं, कारण ते दांडा सोडून आता तिकडेच जाऊ लागले होते. त्याचा मात्र फोन नाही, निरोप नाही. मी तरी कुठे केला होता? मनात येई, रागावला असेल. मग वाटे, रागावायला हवंच. वहिनी रोज संध्याकाळी माझ्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता ताटात एक घास जास्त वाढायची.

अठराव्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी दोन बस बदलून तिकडे गेले. वर प्रेक्षकांसाठी पायऱ्या आहेत, तिथे मधोमध बसले. लपले वगैरे नाही. खाली पाण्यात सहा माणसं होती, सगळी पन्नाशीच्या पुढची, आणि त्यांच्यामध्ये तो. एकेकाजवळ जात होता. ज्याच्याजवळ असेल त्याच्याशी असा बोलत होता, जणू त्या तलावात दुसरं कुणी नाहीच. एक आजी त्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून तरंगत होत्या, आणि तो त्यांना सांगत होता, "मी इथेच आहे, कुठे जात नाही, तुम्ही सुनेचं सांगत होतात ते सांगा." कोपऱ्यात उंच खुर्चीवर दुसरा कुणी जीवरक्षक सगळ्यांवर नजर ठेवून होता, त्यामुळे त्याला एकाच माणसाकडे मन लावून बघायची मोकळीक होती. आणि ते काम त्याच्यासारखं कुणालाच जमलं नसतं.

पाऊण तास त्यानं एकदाही वर बघितलं नाही. आपल्याकडे कुणी बघत नाहीये याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

वर्ग संपला. त्यानं पंच्यानं तोंड पुसलं, सहज मान वर केली... आणि पंचा हातातच राहिला. तीन-तीन पायऱ्या एकदम चढत वर आला.

"काठावर पळताय," मी म्हणाले.

"पायऱ्यांवर नियम नाही. कधी आलात?"

"पावणेआठला."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेआठ वाजले होते. त्याचा चेहरा पडला. "मला दिसलाच नाहीत..."

"माहीत आहे. फार छान वाटलं."

तो एक पायरी खाली बसला. केसांतून पाणी गळत होतं. "फोन करणार होतो," तो म्हणाला. "पण आधी नोकरी पक्की होऊ दे म्हटलं. कागद काल हातात मिळाला. मग आज सकाळी वाटलं, आता बोलायचं काय? आठ वर्षं होडीत अनोळखी माणसांशी तोंड बंद ठेवलं नाही मी. आणि तुम्हाला एक वाक्य..."

"म्हणा."

"मला तू आवडतेस."

'तू' असं त्यानं पहिल्यांदाच म्हटलं होतं. ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"मलाही," मी म्हणाले. "तू."

खाली त्या आजी काठावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला विचारत होत्या, "ती कोण गं? नवीन आलीय का? तिलाही पाण्याची भीती वाटते का?"

"चल," तो उठला. "ताईकडे चहाला. ती चार वेळा म्हणाली, जिनं तुला नापास केलं तिला एकदा घेऊन ये, मला तिला बघायचंय."

"रागावलीय का?"

"पहिले दोन दिवस होती. मग मी तिला तो कागद तोंडपाठ म्हणून दाखवला."

"सगळा?"

"तीन वाक्यं."

बाहेर ऊन पडलं होतं. दुकानं उघडत होती, कुणी पायरीवर पाणी शिंपडत होतं, कुणी कुलपाशी झटापट करत होतं. आम्ही शेजारी शेजारी चालू लागलो. त्याच्या खांद्यावर ओल्या कपड्यांची पिशवी होती, ती आमच्या दोघांच्या मध्ये येत होती आणि पावलागणिक माझ्या कोपराला लागत होती. पहिल्या वळणावर तो थांबला, काही न बोलता ती पिशवी त्यानं दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि मोकळा झालेला हात तसाच पुढे ठेवला.

मी तो धरला.